ओरत्तनाडु : ‘गज’ चक्रीवादळानंतर ग्रंथालयांची सावरासावर

तमिळनाडूतील तंजावर शहरापासून पट्टुक्कोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे २५ किलोमीटर अंतरावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे ठिकाण आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाळ यांच्या नावाने येथे छत्र उभारले. रामेश्वरच्या यात्रेकरूंना अन्न व निवारा देणाऱ्या या छत्राला पाठशाळाही जोडलेली होती. यात्रामार्गावरील आपल्या छत्रांचे काम सरफोजींनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला पत्राने कळवले होते. तेथे येणाऱ्या अनाथ मुलांना शिक्षकाच्या स्वाधीन केले जाई. तीन वेळचे जेवण, वस्त्रे, आजारात औषध व आवडीची विद्या मिळे, इतकेच नव्हे तर शिक्षण संपल्यावर विवाहाचा खर्चही दिला जाई. मुलाला शिकवायचे तर आधी त्याच्या पोटाची व निवाऱ्याची व्यवस्था हवी, हे या योजनेत गृहीतच होते.

याच परिसरावर १६ नोव्हेंबर २०१८ रोजी पहाटे ‘गज’ चक्रीवादळ आले. नागपट्टिनम व वेदारण्यमदरम्यान किनारा ओलांडून ते आत शिरले. किनारपट्टीवरील ८० हजारांहून अधिक लोकांना आधीच हलवण्यात आले होते, तरीही चाळीसहून अधिक बळी गेले. विजेचे लाखभर खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. पट्टुक्कोट्टई, पेरावूरणी व ओरत्तनाडु या पट्ट्यात नारळाच्या बागा आडव्या झाल्या. उंच जातीचा माड फळाला येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. त्यामुळे अनेक कुटुंबांचे मुलांच्या शिक्षणासाठीचे उत्पन्न एका रात्रीत गेले.

१९४८ च्या ग्रंथालय कायद्यामुळे या राज्यात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो, तर २००६ पासून अण्णा मरुमलर्ची योजनेतून ग्रामपंचायतींना वाचनालये मिळाली. घरी अभ्यासाला जागा नसलेल्या मुलाची अभ्यासिका म्हणजे बहुधा हीच खोली. वादळानंतर ती पुन्हा उघडण्याचे काम वरवर वाटते तितके सोपे नसते. आधी छपरावर पडलेला माड करवतीने तुकडे करून उतरवावा लागतो, मग फुटलेल्या कौलांवर ताडपत्री येते.

खरी घाई पुस्तकांची असते. ओल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत, पुस्तक कडक उन्हात टाकू नये. पानांमध्ये टिपकागद किंवा कोरा कागद घालून ते सावलीत, वाऱ्यावर उभे ठेवावे आणि कागद वरचेवर बदलावा, अशी जाणकारांची रीत आहे. एवढ्या वेळात न वाळणारी पुस्तके गोठवून ठेवणे हा उपाय. परंतु वीजच नसलेल्या गावात ना पंखा चालतो, ना शीतपेटी. तेथे माणसांच्या हातांनाच पर्याय नसतो, आणि हे हात बहुतेक वेळा ज्यांची स्वतःची बाग आडवी झाली आहे, अशांचे असतात.

बाहेरूनही मदत आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापुराने होरपळलेल्या केरळच्या वीज कर्मचाऱ्यांनी येथे येऊन खांब उभे केले. दहावी-बारावीच्या परीक्षा मार्च २०१९ मध्ये होत्या. विजेचा दिवा लागणे ही मुलांच्या दृष्टीने छपराइतकीच निकडीची बाब होती. पेरावूरणी भागातील तरुणांनी पुढे संघटित होऊन २०१९ मध्ये तेथील मोठ्या तलावाचा गाळ काढला.

तीन वर्षांनी, कोरोनाकाळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यावर, २७ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्य सरकारने ‘इल्लम तेडी कल्वी’, म्हणजे ‘घराच्या शोधात शिक्षण’, ही योजना सुरू केली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी गावातीलच स्वयंसेवक दरमहा १ हजार रुपये मानधनावर सायंकाळचे वर्ग घेऊ लागले. वर्ग भरण्यास ओसरी किंवा अंगणही पुरत असे.