अर्जंट/११ : सलाईन पंपाच्या आतली जुनी फट

आयसीयूतला मॉनिटर किंवा इन्फ्युजन पंप म्हणजे आत एक छोटा संगणकच, मग तो मुंबईत असो की बुलढाण्यात. त्यातली ‘रिअल-टाइम’ प्रणाली प्रत्येक काम ठरलेल्या वेळेतच उरकते.

जुलै २०१९ मध्ये आर्मिस कंपनीच्या संशोधकांनी व्हीएक्सवर्क्स या अशाच प्रणालीतल्या ११ त्रुटी जाहीर केल्या. त्यांपैकी ६ त्रुटींमुळे नेटवर्कवरून यंत्राचा ताबा घेता येत होता! विंड रिव्हरने दुरुस्ती दिली. पण दोष होता आयपीनेट या भागात. तो मूळ स्वीडनच्या इंटरपीकचा. विंड रिव्हरने २००६ मध्ये ती कंपनी घेण्याआधीच तो इतर प्रणालींतही गेला होता. म्हणून ऑक्टोबरात अमेरिकेच्या एफडीएनेही इशारा दिला. रुग्णाला इजा झाल्याची खात्रीशीर नोंद तेव्हा नव्हती.

पंप मोबाईलसारखा रात्रीतून अपडेट होत नाही. दुरुस्ती उत्पादकाने तपासूनच द्यावी लागते. एएमसीवर सही करताना रुग्णालयांनी हे जरूर विचारावे.