आविलाच्या तेरेजा : मठातून गुरुपीठाकडे

ख्रिस्तसभेने स्त्रीला संतपद देताना फारसा संकोच केला नाही. कुमारिका, रक्तसाक्षी, विधवा, राण्या अशा कितीतरी स्त्रियांना वेदीचा मान लाभला. गुरुपदाची गोष्ट मात्र निराळी. पुरुषाने शिकवावे व स्त्रीने ऐकावे, ही वाटणी शतकानुशतके इतकी रूढ होती की तीत कोणास काही वावगे वाटत नसे. तिला तडा कसा गेला हे पाहण्यासाठी सोळाव्या शतकातील स्पेनकडे, आविला या तटबंदीच्या नगरीकडे वळले पाहिजे.

तेरेजा यांचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी झाला. त्यांचे आजोबा यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेले व्यापारी होते. १५३५ साली तेरेजा यांनी आविलाच्या कार्मेल मठात प्रवेश केला. विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती आणि लॅटिन त्यांना अवगत नव्हते. स्पॅनिश भाषेतील आध्यात्मिक ग्रंथ हाच काय तो आधार. १५५९ साली इन्क्विझिशनचे प्रमुख फर्नांदो द वाल्देस यांनी निषिद्ध ग्रंथांची सूची काढली आणि प्रार्थनेवरील अनेक देशी पुस्तके बाद झाली. लॅटिन जाणणाऱ्या पंडितांचे त्यामुळे फारसे अडले नाही. स्त्रियांच्या हातचे पुस्तक मात्र गेले. या दुःखात प्रभूच आपला जिवंत ग्रंथ झाला, असे तेरेजा यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे.

जे वाचावयास मिळत नव्हते, ते मग त्यांनी स्वतःच लिहिले. २४ ऑगस्ट १५६२ रोजी त्यांनी संत योसेफ यांच्या नावे छोटा सुधारित मठ स्थापन केला आणि तेथील भगिनींसाठी ‘परिपूर्णतेचा मार्ग’ हा ग्रंथ रचला. न्यायाधीश सारे पुरुष असल्याने स्त्रीच्या सद्गुणांकडेही संशयाने पाहिले जाते, अशी तक्रार त्यांनी पहिल्या मसुद्यात थेट प्रभूपुढे मांडली होती. परीक्षकाने तो मजकूर खोडला. दुसऱ्या मसुद्यात तो नाही. त्यांचे आत्मचरित्र इन्क्विझिशनने तपासणीसाठी ताब्यात घेतले. पोपचे राजदूत फिलिप्पो सेगा यांनी तर त्यांना अस्वस्थ, भटकी व आज्ञाभंग करणारी बाई ठरवले.

अशा वातावरणात १५७७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी ‘अंतरीचा किल्ला’ हा ग्रंथ लिहिला. आत्मा म्हणजे स्फटिकाचा किल्ला, त्यात सात निवास आणि सर्वांत आतल्या निवासात परमेश्वर, ही त्याची मांडणी. किल्ल्याचा दरवाजा म्हणजे प्रार्थना. त्यासाठी पांडित्य लागत नाही. नम्रता व स्वतःची ओळख लागते. सर्वांत आत पोहोचलेल्या माणसानेही हात जोडून स्वस्थ बसावयाचे नाही. मार्था व मरिया या दोघी बहिणींनी मिळून प्रभूचा पाहुणचार करावयाचा. स्वयंपाकघरातील काम प्रार्थनेच्या आड येत नाही, ही त्यांची शिकवण याच अनुभवातून आलेली होती.

१५८२ साली तेरेजा निवर्तल्या, तेव्हा त्यांच्या हातून सतरा मठ उभे राहिले होते. १५८८ साली त्यांचे ग्रंथ सालामांकात छापले गेले. त्यांचे संपादक फ्राय लुईस द लेओन यांनी स्वतः इन्क्विझिशनचा तुरुंगवास भोगला होता. १२ मार्च १६२२ रोजी तेरेजा यांना संतपद मिळाले. ज्यांचे पवित्र अवशेष गोव्यात आहेत, ते संत फ्रान्सिस झेवियर त्याच दिवशी संत घोषित झाले. परंतु तेरेजा यांना ख्रिस्तसभेच्या आचार्य म्हणावे अशी विनंती १९२३ साली रोमला गेली, तेव्हा त्यांचे स्त्रीत्वच आड आले. अखेर २७ सप्टेंबर १९७० रोजी पोप सहावे पॉल यांनी तो मान त्यांना दिला. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. आठवड्याभरात सिएनाच्या संत कॅथरिन, १९९७ साली लिझ्यूच्या संत तेरेजा आणि २०१२ साली बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड त्यांच्या पंगतीला आल्या.

१९२३ ते १९७० या काळात तेरेजा यांच्या लेखनातील अक्षरही बदलले नव्हते. ऐकणाऱ्यांचे कान बदलले. आपल्या घराघरांत मुलाचा हात धरून त्याला क्रूसाची खूण शिकवणारी बहुधा आई किंवा आजी असते. तिला आपण भाविक म्हणतो. तिला गुरू म्हणण्यास आपणही किती काळ लावणार?