वसईच्या ख्रिस्ती समाजातील उपासना वर्ष आणि ऋतुचक्र : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ख्रिस्ती उपासना वर्षाचा आरंभ १ जानेवारीला होत नाही. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळ येणाऱ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि त्याबरोबर नवे वर्षही. त्यानंतर नाताळ, राखेच्या बुधवारापासूनचा उपवासकाळ, पवित्र सप्ताह, पुनरुत्थान सण, पन्नासाव्या दिवसाचा पेन्टेकॉस्ट आणि मग जवळजवळ सहा महिन्यांचा सामान्य काळ असा हा क्रम आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात व युरोपात घडलेले हे वर्ष सोळाव्या शतकात उत्तर कोकणात आले. येथील पाऊस, भातशेती, वाड्या आणि समुद्र यांचे स्वतःचे कालचक्र त्यापूर्वीपासूनच चालू होते. या दोन चक्रांची सांगड वसईत कशी बसली आणि ती जेथे बसली नाही तेथे श्रद्धेला कोणते रूप आले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ख्रिस्ती समाजाविषयीचे लेखन बहुधा धर्मांतर, किल्ला आणि पोर्तुगीज राजवट यांभोवती फिरते. समाजाने वर्ष कसे जगले हा प्रश्न त्यात मागे पडतो.

धर्मसंघ गेल्यानंतर

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढील दोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संघांनी किल्ल्यात आणि भोवतालच्या गावांत चर्चे उभारली. सांडोरचे संत थॉमसचे चर्च, पापडीचे कृपामातेचे चर्च, नंदाखालचे पवित्र आत्म्याचे चर्च ही धर्मग्रामांची नावे आजही वसईकरांच्या तोंडी आहेत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सैन्याबरोबर युरोपीय धर्मसंघही निघून गेले आणि किल्ल्यातील मोठी चर्चे हळूहळू ओस पडली. गावांतील धर्मकार्य स्थानिक व गोव्याकडील धर्मगुरूंच्या हाती आले. त्यांची संख्या आणि साधने दोन्ही तुटपुंजी होती.

राजाश्रय संपल्यावर समाज आपल्या पूर्वधर्माकडे परतला असता तर आश्चर्य वाटले नसते. तसे मोठ्या प्रमाणावर घडले नाही. या टिकावाचे श्रेय एका कारणाला देता येत नाही. तरी उपासना वर्षाची घरगुती बाजू हे त्यातील एक महत्त्वाचे कारण मानावे लागते. मिस्सा लॅटिनमध्ये होती आणि तिच्यासाठी धर्मगुरू हवाच होता. उपवास, जपमाळ, गावच्या क्रूसापाशी होणारी प्रार्थना आणि सणाचा स्वयंपाक यांसाठी मात्र धर्मगुरू दारी असण्याची गरज नव्हती. मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, वाटेवरच्या क्रूसांभोवती जमून मरियेची प्रार्थना म्हणण्याची उत्तर कोकणातील प्रथा याच प्रकारची होय.

या घरगुती श्रद्धेला भाषेचा आधारही मिळाला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ गोव्यात रचला गेला असला तरी त्याची भाषा मराठीच होती. उत्तर कोकणाच्या दृष्टीने त्याहून जवळचे म्हणजे फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांचे ओवीबद्ध पुराण. लिस्बन येथे १६५९ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या या पुराणाची बोली मुंबई-साष्टी-वसई पट्ट्यातील ख्रिस्ती लोकांची आहे. त्याचा विषय ख्रिस्ताचे दुःखसहन व मरण हा असल्यामुळे विषयानेच ते उपवासकाळाशी जोडलेले आहे. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी पहिल्या पुराणाला मोठा मान दिला आणि दुसऱ्याची नोंद घेऊन ते पुढे गेले. काव्यगुणांच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. बोलीच्या आणि लोकश्रद्धेच्या इतिहासासाठी तो पुरेसा नाही.

चंद्र, भात आणि उपवास

पुनरुत्थान सणाची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा तिचा स्थूल नियम होय. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. तिथी पाळणाऱ्या प्रदेशाला असा चंद्राधारित सण समजण्यास अवघड नव्हता. कधी ती पौर्णिमा होळीची असते, कधी चैत्रातली. २०२४ मध्ये होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला, पुनरुत्थान सण होता. २०२५ मध्ये तो हनुमान जयंतीनंतरच्या आठवड्यात, २० एप्रिलला आला. शेजाऱ्याच्या घरची पौर्णिमा आणि आपल्या घरचा शुभ शुक्रवार यांतील अंतर गावातल्या जुन्या माणसाला बोटांवर मोजता येई.

उपवासाचा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. युरोपात उपवासकाळ हिवाळ्याच्या अखेरीस येतो. कणगीतले धान्य व साठवलेले मांस संपत आलेले, नवे पीक दूर, अशा दिवसांत कमी खाणे हा नियम होण्याआधीच परिस्थितीचा भाग होता. वसईत फेब्रुवारी-मार्चची स्थिती वेगळी असते. भात कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकून तांदूळ घरात आलेला असतो, भाजीपाला व फुले बाजारात जात असतात आणि केळीच्या वाड्या उभ्या असतात. येथील भातशेतकऱ्याचे खरे टंचाईचे दिवस पावसाळ्यात, जुना तांदूळ संपून नवा हाती येईपर्यंतचे. हिंदू शेजाऱ्यांचा चातुर्मास आणि श्रावणातील उपवास नेमके त्याच दिवसांत येतात. म्हणजे कोकणातील ख्रिस्ती शेतकऱ्याने घरात धान्य असताना हात आखडला. हवामानाचा किंवा रिकाम्या कणगीचा रेटा त्यामागे नव्हता. येथील उपवासकाळ हा युरोपातील उपवासकाळापेक्षा जाणीवपूर्वक स्वीकारलेला होता, असे म्हणण्यास येथे वाव आहे.

मांसवर्जनाच्या नियमाची गत किनाऱ्यावर आणखी निराळी झाली. मांस वर्ज्य, मासे चालतात, हा नियम ज्या समाजात मांस हे प्रतिष्ठेचे अन्न होते तेथे त्यागाचा होता. पाचूबंदरच्या कोळ्याला शुक्रवारी मासे खाण्यात कसला त्याग? नियमाचे अक्षर पाळले जाई, पण त्याचा भार जाणवत नसे. म्हणून किनारपट्टीवर त्यागाचे ओझे इतर गोष्टींवर पडले असणार. अशी एक गोष्ट नियमातच होती. १९१७ च्या धर्मविधीसंहितेने आगमनकाळात व उपवासकाळात विवाहाचा समारंभपूर्वक आशीर्वाद देण्यास मनाई केली होती. लग्ने त्यामुळे नाताळनंतर उपवासकाळ लागेपर्यंत किंवा पुनरुत्थान सणानंतर पाऊस पडेपर्यंत उरकावी लागत. ज्या गावांत लग्न म्हणजे अनेक दिवसांचा सामुदायिक सोहळा, तेथे वाद्ये थांबणे हेच उपवासाचे सर्वांना ऐकू येणारे लक्षण होते.

सामान्य काळाचा रंग हिरवा आणि त्याचा मोठा भाग जून ते नोव्हेंबर असा येतो, म्हणजे पेरणीपासून कापणीपर्यंत. हा योगायोगच. पण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होणारा ‘आगेरा’ हा ईस्ट इंडियन समाजाचा सुगीचा सण योगायोगाने आलेला नाही. नव्या भाताची कणसे वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद मागण्याचा हा सण रोमच्या दिनदर्शिकेत आढळत नाही. तो येथील शेताने उपासना वर्षाला दिला आहे. पुढे कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची यात्रा भरते आणि तिच्या मागोमाग आगमनकाळ लागतो. निर्मळला मंदिर आहे तसेच पवित्र क्रूसाचे चर्चही आहे, त्यामुळे हा क्रम तेथे एकाच गावात पाहावयास मिळतो.

नियमाकडून समजुतीकडे

विसाव्या शतकाच्या मध्यास उपासना वर्षाची अंतर्गत रचनाच बदलली. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये पवित्र सप्ताहाच्या विधींत सुधारणा केली आणि शनिवारी सकाळी उरकला जाणारा पास्काविधी पुन्हा रात्री होऊ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला वाट दिली. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे सक्तीचे दिवस राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोहोंवर आणले. पूर्वीच्या संहितेनुसार रविवार वगळता उपवासकाळाचे सर्व दिवस उपवासाचे होते, जरी देशोदेशी सवलती मिळत असत. १९६९ मध्ये नवी दिनदर्शिका आणि तीन वर्षांच्या वाचनांचा क्रम आला.

वसईतील मराठी भाषक श्राविकांना आणि श्रावकांना आगमनकाळाचे यशयाचे वाचन प्रथमच मिस्सेत समजू लागले, ही घटना सामाजिक इतिहासातही नोंदवावी एवढी मोठी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांनी १९८३ ते २००७ या काळात संपादिलेले ‘सुवार्ता’ मासिक आणि त्यांचे ‘सुबोध बायबल’ हे याच प्रवाहातील कार्य. २२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांत स्थापन झाला, बिशप थॉमस डाबरे त्याचे पहिले धर्माध्यक्ष झाले आणि मराठी उपासनेला स्वतःचे पीठ मिळाले.

सक्ती गेल्यावर जबाबदारी व्यक्तीवर आली. दोन दिवसांखेरीज उरलेला उपवासकाळ कसा पाळावा, काय सोडावे आणि वाचलेले कोणाला द्यावे, हे आता ज्याचे त्याने ठरवायचे. यामुळे श्रद्धा अधिक सजग झाली हे खरे. पण जे पूर्वी सारे गाव एकदम करीत असे ते आता घराघरांत वेगवेगळे होऊ लागले, हेही तितकेच खरे. सुधारणेच्या समर्थकांनी या दुसऱ्या बाजूकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

येथे दिनदर्शिकेची एक विसंगती नमूद करण्यासारखी आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले आणि ८ जून १८६२ रोजी संत म्हणून घोषित झाले. १९६९ च्या दिनदर्शिकेत या हुतात्म्यांचे स्मरण ६ फेब्रुवारीला आहे, मात्र ‘पॉल मिकी व सोबती’ या नावाने. जागतिक चर्चसाठी वसईचा संत सोबत्यांत मोडतो. गास येथील धर्मग्राम मात्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

शेतावाचून वर्ष

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या १२,२२,३९० होती. भातखाचरे बुजली, बावखले भरली गेली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या हरित वसईच्या लढ्याकडे सामान्यतः पर्यावरणाची चळवळ म्हणून पाहिले जाते. उपासना वर्षाच्या इतिहासातून पाहिले तर तिचा आणखी एक अर्थ लागतो : आगेऱ्याला कणसे लागतात आणि कणसांना शेत लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये १ सप्टेंबर हा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा दिवस ठरविला. त्या दिवसापासून ४ ऑक्टोबरपर्यंत आता सृष्टीकाळ पाळला जातो आणि तो वसईच्या जुन्या सुगीच्या सणाजवळ येऊन थांबतो. येथील शेतकऱ्याने जे कणीस हाती घेऊन केले, ते जागतिक चर्चने पुढे विचाराच्या वाटेने स्वीकारले असे यास म्हणता येईल.

झावळ्यांच्या रविवारी माडाची झावळी आशीर्वादित करून घरी नेतात, तिचा लहान क्रूस विणतात, वर्षभर वेदीजवळ खोचून ठेवतात. पुढच्या वर्षी त्या वाळक्या झावळ्या चर्चमध्ये परत येतात, जाळल्या जातात आणि राखेच्या बुधवारी कपाळावर लागतात. ज्यांची वाडी गेली, त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरातही ही झावळी असते. ती आता स्वतःच्या माडाची नसते, एवढेच.