दर्प, सुगंध आणि साबणाची शंभर वर्षं



तुमच्यापैकी बरेच जण हल्ली अंग धुण्याचा बॉडी वॉश घरीच करतात. रिठा, खोबरेल, कडुनिंबाचं तेल वापरतात. तक्रार मात्र एकच असते: कितीही सुगंध घाला, मूळचा दर्प वर येतोच. ही अडचण आजची नाही. भारतातल्या साबण उद्योगाला शंभर वर्षांपूर्वी तीच पडली होती. त्यावर तीन उत्तरं निघाली.

पहिलं उत्तर म्हणजे दर्प लपवायचाच नाही, उलट मिरवायचा. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमांसाठी कार्बोलिक ॲसिड वापरलं आणि तो उग्र वास दवाखान्याची ओळख झाला. १८९५ मध्ये लाइफबॉय हा कार्बोलिक साबण भारतात आला. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग पसरला. घरं धुवायला, फवारायला कार्बोलिकही वापरलं जाई. चरबीचा वास त्या उग्रपणाखाली दबला आणि लोकांना 'वास आला, म्हणजे स्वच्छ झालं' असं वाटू लागलं. आमच्या बराकींतही तो लाल साबण होता. जवानाला त्याचा वास आला की त्याची खात्री पटे.

दुसरं उत्तर म्हैसूरचं, आणि ते युद्धातून आलं. संस्थानाचं चंदनाचं लाकूड तेल काढण्यासाठी युरोपात, मुख्यतः जर्मनीत जाई. १९१४ ला महायुद्ध पेटलं, वाट बंद झाली, लाकूड पडून राहिलं. महाराज कृष्णराज वाडियार चौथे आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी ठरवलं की तेल इथेच काढायचं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सडबरो आणि वॉटसन यांनी ऊर्ध्वपातनाचे प्रयोग केले. १९१६ मध्ये बेंगळुरूला कारखाना उभा राहिला. एस. जी. शास्त्री यांना साबणाचं तंत्र शिकायला इंग्लंडला पाठवलं. त्यातून म्हैसूर सँडल सोप आला.

यातलं मर्म नीट लक्षात घ्या. लिंबू, संत्रं यांचे वास हलके असतात. ते टेहळणीच्या तुकडीसारखे आधी पुढे जातात आणि लवकर उडून जातात. मग तेलाचा दर्प मोकळा होतो. चंदनातलं सँटालॉल जड असतं. ते सावकाश उडतं, म्हणून पहाऱ्यावर शेवटपर्यंत टिकतं. कनौजचे अत्तरवाले फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात धरून ठेवत आले आहेत, तेही याच कारणाने.

तिसरं उत्तर कोलकात्याचं. अमेरिकेत रसायनशास्त्र शिकून आलेले खगेंद्रचंद्र दास यांनी १९१६ मध्ये सहकाऱ्यांसह कलकत्ता केमिकल कंपनी काढली. स्वदेशीचा तो काळ होता. त्यांचा 'मार्गो' कडुनिंबाच्या तेलाचा. त्या तेलाला गंधकयुक्त घटकांमुळे लसणासारखा वास येतो. तो पूर्ण झाकला तर गिऱ्हाईक विचारणार, यात निंब आहे कुठे? तसाच ठेवला तर अंगाला कोण लावणार? मार्गो वापरलेल्यांना आठवेल: त्याचा वास हिरवट, औषधी आहे, पण कच्च्या निंबतेलाचा उग्रपणा त्यात नाही. शत्रूशी समोरासमोर न लढता त्याला आपल्या बाजूला वळवलं.

आपल्या आज्यांनाही हे ठाऊक होतं. दिवाळीच्या उटण्यात पिठाचा कच्चट वास असतो. त्यावर गुलाब एकटा पुरत नाही, म्हणून वाळा, नागरमोथा, आंबेहळद घालतात. बहुतेक मुळं आणि कंद, म्हणजे मातकट, टिकाऊ वास.

घरी करणाऱ्यांनी एवढं धरावं. निंबाला वाळा किंवा गवती चहा जुळतो, गुलाब जुळत नाही. सुगंधी तेल शंभर मिलीला एक मिलीच्या आत ठेवा आणि आधी मनगटावर लावून पाहा. थोडंसंच करून दोन दिवस ठेवा, मगच वासाचा निकाल द्या.

पण एक भेद विसरू नका. निंबाचा दर्प हा त्याचा स्वभाव आहे, तो सांभाळून घ्यावा. तेल खवट झाल्याचा किंवा रिठ्याचं पाणी आंबल्याचा वास मात्र इशारा आहे. पहारेकरी ओरडत असताना त्याच्या तोंडावर अत्तराचा बोळा ठेवू नये. असं मिश्रण ओतून द्यावं. कार्बोलिकच्या काळापासून आपण वासावरून स्वच्छता ठरवत आलो, म्हणूनच ही काळजी जास्त घ्यायला हवी.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.