एकच आशीर्वाद आणि दोन भाऊ

मुंबई-गोवा रस्त्यानं पेण मागं टाकलं की वडखळचा नाका लागतो. सरळ गेलं तर नागोठणं आणि पुढं रोह्याकडे जाता येतं, उजवीकडे वळलं तर पोयनाडवरून अलिबाग. या उजव्या वाटेच्या टोकाला दोन कथा वस्तीला आहेत. एक नवगावच्या किनाऱ्यावरची, बेने इस्राएलांची. दुसरी कुलाबा किल्ल्यातली, आंग्र्यांच्या मुलांची. एरवी त्या वेगवेगळ्या पुस्तकांत सांगितल्या जातात. आज त्या शेजारी शेजारी ठेवून पाहू, कारण दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: एका बापाच्या पोटच्या मुलांचं आपसांत का पटत नाही?

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. शतकानुशतकं हे लोक घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर. ग्रंथ जवळ नव्हते, पण शब्बाथ होता, सुंता होती, एलियाहू हनाबीचा मलिदा होता. मग एकोणिसाव्या शतकात बायबल मराठीत छापून आलं आणि आपल्याच पूर्वजांच्या कथा त्यांनी आपल्याच भाषेत वाचल्या. 1880 साली मुंबईत त्यांच्यातल्या काही उत्साही मंडळींनी कीर्तनं सुरू केली. चाली आपल्या, साकी-दिंडी आपली, पूर्वरंग-उत्तररंगाचा घाट आपला. चरित्रं मात्र बायबलमधल्या पूर्वजांची.

तसं पाहिलं तर मराठीला या कथा त्याआधीही परक्या नव्हत्या. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं गोव्यात ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचलं, ते 1616 साली छापलं गेलं. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराचीच कथा आहे. आपल्या श्रोत्याला पुराण ऐकायची सवय आहे, हे त्या परक्या माणसानं नेमकं हेरलं होतं.

आता या कथांतले भाऊ पाहा. उत्पत्तीच्या पुस्तकात जगातली पहिली भावंडं येतात, आणि त्यांच्यातच पहिला खून होतो. काइन शेतकरी, हाबेल मेंढपाळ. दोघांनी देवाला अर्पण आणलं. हाबेलचं देवाला रुचलं, काइनचं नाही. का रुचलं नाही, ते कथा उघड सांगत नाही. यात जमिनीचा तुकडा नाही, वाटणीचा कागद नाही. आपण दिलेलं स्वीकारलं गेलं नाही, एवढंच दुःख आहे. आणि तेवढ्यावर भाऊ भावाला शेतात गाठून मारतो.

पुढं इसहाकाचे जुळे मुलगे, एसाव आणि याकोब. थोरला शिकारीवरून भुकेला येतो आणि मसुरीच्या तांबड्या वरणावर आपला ज्येष्ठपणाचा हक्क विकून मोकळा होतो. तिथवर गोष्ट विनोदी वाटते. पण बाप म्हातारा होऊन आंधळा झाल्यावर धाकटा हाताला करडाचं कातडं गुंडाळून, केसाळ थोरल्याचं सोंग घेऊन त्याच्यापुढं जातो आणि आशीर्वाद लाटतो. हा सल्ला आईचा असतो, हेही विसरू नका. मागाहून एसाव येतो, रडतो आणि बापाला विचारतो, की तुमच्याजवळ आशीर्वाद काय तो एकच होता? मला तर हा प्रश्न या साऱ्या कथांचं नाक वाटतो.

याकोबाला त्याची फेड मिळते, तीही पोटच्या मुलांकडून. लाडक्या योसेफाला त्यानं वेगळा झगा शिवला. भावांनी त्या सतरा वर्षांच्या पोराला खड्ड्यात टाकलं, वीस रुप्यांना विकलं आणि झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढं ठेवला. करडाच्या कातड्यानं ज्यानं बापाला फसवलं, त्याला बकऱ्याच्या रक्तानं फसवलं गेलं. कथाकार यावर एक अक्षर बोलत नाही. एखादा कीर्तनकार इथं थांबून झांज वाजवायला लावील!

या कथेचा खरा नायक मला योसेफ वाटत नाही, यहूदा वाटतो. भावाला विकण्याची कल्पना त्याचीच. पुढं दुष्काळात हेच भाऊ धान्यासाठी मिसरला जातात. तिथला अधिकारी झालेला योसेफ त्यांना ओळखतो. ते त्याला ओळखत नाहीत. तो सगळ्यांत धाकट्या बन्यामीनला चोरीच्या आळात अडकवून ठेवून घेऊ पाहतो. तेव्हा यहूदा पुढं होतो आणि म्हणतो, याच्याऐवजी मला गुलाम करा. बाप याच्यावर जीव टाकतो, हे तो आता बोलून दाखवतो, आणि त्या बोलण्यात मत्सर उरलेला नाही. इथं योसेफाला रडू आवरत नाही.

साहित्यानं मात्र यहूदाला फारसं उचललं नाही. त्याला काइन हवा असतो. 'हॅम्लेट'मधला क्लॉडियस प्रार्थनेला बसतो, तेव्हा त्याला जगातल्या त्या पहिल्या बंधुहत्येचाच शाप आठवतो. बायरननं 1821 साली काइनला नायक करून नाटक लिहिलं. स्टाइनबेकच्या 1952 सालच्या 'ईस्ट ऑफ ईडन' कादंबरीत मुलगा कष्टानं मिळवलेले पैसे बापाला देऊ करतो आणि बाप ते नाकारतो. पुन्हा तेच नाकारलेलं अर्पण! योसेफाच्या वाट्याला इस्लामी जगात मोठा मान आला, कुराणातला एक संपूर्ण सूरा त्याच्यावर आहे. पण फारसी आणि आपल्या दखनीतले कवी युसूफ-जुलेखाच्या प्रेमात रमले आणि भाऊ मागं पडले. भावांना पुरेसा वेळ दिला तो थॉमस मान यानं. 1933 ते 1943 अशी दहा वर्षं योसेफावरच्या त्याच्या कादंबरीचे चार खंड निघत होते.

आपल्या भाषेत या दुखण्याला स्वतंत्र शब्दच आहे: भाऊबंदकी. खाडिलकरांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनावरच्या नाटकाला 1909 साली हेच नाव दिलं. आपल्या भाऊबंदकीत बांध असतो, वाटा असतो, विहिरीचं पाणी असतं. बायबलच्या भावांना हवी असते बापाची नजर. पण हा फरक फार ताणू नये. वडखळच्या उजव्या वाटेवरची दुसरी कथा त्यासाठीच पाहायची.

कान्होजी आंग्रे 1729 साली वारले. थोरला सेखोजी 1733 मध्ये गेला आणि उरलेल्या भावांत फाटाफूट झाली. मानाजीनं पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा बळकावला आणि तिथल्या येसाजीचे, आपल्या भावाचेच, डोळे काढवले, असं इतिहासकारांनी नोंदलं आहे. 1735 मध्ये बाजीराव पेशवे मध्ये पडले. त्यांनी संभाजीकडे 'सरखेल' हा किताब ठेवला, मानाजीला 'वजारतमाब' हा नवा दिला. एसावच्या प्रश्नाला इथं उत्तर मिळालं होतं: आशीर्वाद दोन निघाले. भांडण मिटलं का? 1740 साली संभाजीनं मानाजीवर चालून येऊन हिराकोट आणि सागरगड घेतले, कुलाब्याची कोंडी केली. मानाजीनं पेशव्यांना हाक मारली आणि मुंबईकर इंग्रजांनाही. प्रदेश वाटला होता, किताब वाटले होते. बापाची जागा वाटता येण्यासारखी नव्हती.

संभाजी 1742 साली वारला आणि त्याच्या जागी तुळाजी आला. त्याचं पेशव्यांशी बिनसलं. फेब्रुवारी 1756 मध्ये पेशव्यांशी संगनमत केलेल्या इंग्रजांचं आरमार वॉटसनच्या हाताखाली विजयदुर्गावर आलं, जमिनीवरच्या फौजेबरोबर क्लाइव्ह होता. कान्होजींच्या हयातीत याच इंग्रजांना विजयदुर्गापुढून हात हलवत परतावं लागलं होतं. या वेळी बंदरात नांगरलेल्या आंग्र्यांच्या गलबतांना आग लागली आणि एका दुपारीत सारं आरमार जळून गेलं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत मेला. मानाजी तेव्हा कुलाब्यातच होता; तो 1758 साली वारला.