विमानाच्या सरावातून आलेली मेमरी

माढ्यातली मुलं विचारतात, विमानाचं सिम्युलेटर अडखळतं; रॅम ३२०० ची घ्यावी की ३६०० ची? आम्ही आधी १९४४ मध्ये जातो. अमेरिकी नौदलाला वैमानिकांच्या सरावासाठी यंत्र हवं होतं. त्यातून एमआयटीत ‘व्हर्लविंड’ संगणक झाला. दांडा ओढताच उत्तर हवं, आणि नळ्यांमधली मेमरी बेभरवशाची. म्हणून फॉरेस्टर यांनी चुंबकी कड्यांची मेमरी घडवली. १९५३ मध्ये ती बसली. तोवर सिम्युलेटरचा बेतच बारगळला होता! मुंबईच्या ‘टिफ्रॅक’मध्येही अशीच कडी होती, २०४८ शब्दांची.

आता हिशेब. डीडीआर४ मध्ये ३२०० ला सीएल १६ काय, ३६०० ला सीएल १८ काय, दोन्हींना १० नॅनोसेकंदच लागतात. ३६०० मध्ये ओघ तेवढा वाढतो. पट्ट्या मात्र जोडीनं बसवा, आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू आहे का बघा. नसेल तर महागडी रॅमही मंदच चालते.