नाणेघाट आणि सह्याद्रीतील घाटवाटा

कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीची उभी भिंत आहे. बंदरात उतरलेला माल देशावरच्या पेठांत नेण्यासाठी आणि देशावरचा माल बंदरांपर्यंत पोचवण्यासाठी ती ओलांडावी लागे. पाऊस, ओढे आणि दरडी यांनी कड्यात जिथे खाचा पाडल्या, तिथून या वाटा निघाल्या. ज्या वाटेने लादलेला बैल चढू शके तिथून व्यापार चाले. अरुंद, खड्या नाळा आणि सोंडेवरचे दंड मात्र गावकऱ्यांच्या पायवाटाच राहिल्या.

जुन्नर आणि कल्याण यांना जोडणारा नाणेघाट हा व्यापारी वाटांमधला सर्वांत बोलका. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा व कल्याण ही बंदरे आणि पैठण व तगर (तेर) ही देशावरची नगरे यांचा उल्लेख आहे. या दोन टोकांमधली वाहतूक ज्या घाटांनी होई, त्यांत नाणेघाट प्रमुख होता. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांचे आकडे त्यात नोंदलेले असल्याने भारतीय अंकलेखनाच्या आरंभीच्या पुराव्यांत त्याची गणना होते. याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांवरची नावे आणि पायांचे काही अवशेष उरले आहेत. घाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते.

जिथे जकात, तिथे पहारा आलाच. नाणेघाटाच्या परिसरात जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले आहेत. वाटेवर खोदलेली पाण्याची टाकी वाटसरू आणि जनावरे या दोघांच्या उपयोगाची होती. दक्षिणेला बोरघाटाच्या वाटांवरही हेच दिसते. घाटाखाली कोंढाणे, तर माथ्याकडे कार्ले आणि भाजे ही लेणी आहेत, आणि वाटेवर राजमाचीची नजर आहे.

व्यापाराची वाट युद्धकाळी सैन्याची होई. 1661 मध्ये कारतलबखान मोगल फौज घेऊन घाट उतरत असता उंबरखिंडीच्या अरुंद जागेत शिवाजी महाराजांनी त्याला अडवले. पुढे जायला आणि मागे फिरायला जागा नसल्याने त्याला शरण यावे लागले.

या वाटांची पीछेहाट इंग्रजी अमदानीत झाली. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि बैलांच्या पाठीवरचा माल गाड्यांत गेला. 1863 मध्ये बोरघाटातून आणि 1865 मध्ये थळघाटातून रेल्वे धावू लागली. पुढे मोटाररस्ते झाले. माळशेज घाटाच्या रस्त्याने कल्याण-जुन्नर प्रवास सोपा झाला आणि नाणेघाट स्थानिक लोकांच्या ये-जा करण्यापुरता उरला.

विसाव्या शतकात मुंबई-पुण्याच्या गिरिभ्रमण मंडळांनी आणि गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गप्रेमी लेखकांनी किल्ल्यांबरोबर या वाटाही पुन्हा लोकांसमोर आणल्या. आज एका दिवसात करता येणाऱ्या घाटवाटांत नाणेघाट सर्वाधिक परिचित आहे. कल्याण-मुरबाड रस्त्याने पुढे वैशाखरे गावाजवळून चढाई सुरू होते आणि दोन-तीन तासांत घाटमाथा गाठता येतो. ज्यांना चढायचे नाही, त्यांना जुन्नरकडून घाटघरमार्गे वाहनाने माथ्यापर्यंत जाता येते. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या, धुके आणि अचानक फुगणारे ओढे यांमुळे चढउतार धोक्याचा होतो. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक सोयीचा असतो. कमी वापरातल्या नाळांची वाट ओळखणारे मात्र पायथ्याच्या गावांतले रहिवासीच असतात. अनोळखी वाटेवर त्यांना सोबत घेण्याची रीत गिर्यारोहकांनी आजही ठेवली आहे.